पाऊण तासाची बैठक

माझ्या बैठकीत कुणाचा मोबाईल वाजला की मी व्हायोलिनचा गज खाली ठेवतो आणि त्या माणसाकडं बघत बसतो. तो उठून बाहेर जाईपर्यंत बघतो. लोक मला खडूस म्हणतात. माझा तबलजी जिनेंद्र तर तोंडावर म्हणतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट आतल्या आत बरंच वाटायचं.

मी राजवर्धन. सव्वीस वर्षं कोल्हापुरातल्या एका शाळेत संगीत शिकवलं, म्हणजे बहुतेक वेळ पंधरा ऑगस्टची समूहगीतं बसवण्यात घालवला. व्हायोलिन वाजवायचो ते घरी, दार लावून. निवृत्त झालो तेव्हा डोक्यात घेतलं की जिथं कुणी जाऊन वाजवत नाही तिथं आपण वाजवायचं. तिकीट काढून सभागृहात येणाऱ्यांना ऐकवायला पुष्कळ कलाकार आहेत. हुपरीत दिवसभर मान खाली घालून पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बाईला कोण ऐकवणार? तबल्याला जिनेंद्र मिळाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि हात मात्र लोण्यासारखा. माईक नाही, स्टेज नाही, चाळीसच्या वर माणसं नाहीत. हुपरीच्या कारखान्यात वाजवलं, वृद्धाश्रमात वाजवलं, नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलात, एकदा गुऱ्हाळात काहिलीशेजारी बसून वाजवलं. घाम असा आला की गज हातात राहीना.

माईक नसला की एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शांतता. म्हणून बैठकीआधी जिनेंद्र वेताची एक बुट्टी फिरवायचा. ज्यानं त्यानं आपला फोन बंद करून बुट्टीत टाकायचा, बुट्टी दाराशी ठेवायची, बैठक संपली की परत घ्यायचा. लोक कुरकुरायचे. एकाचा पेशंट सीरियस असायचा, एकाच्या बायकोचा फोन यायचा असायचा, एकाचा साहेब कडक. सगळ्यांना माझं एकच उत्तर होतं, पाऊण तासात जग बुडत नाही. शब्द हेच. दहा वर्षं म्हणत आलोय.

मग पूर आला.

नदीकाठची गावं रिकामी करून माणसं शहरात उंचावर आणली होती. आमच्या भागात आप्पासोंचं मंगल कार्यालय आहे, त्यांनी ते उघडून दिलं. आप्पासो जिनेंद्रचे लांबचे मामा. जेवणाचा हॉल, वरचा हॉल, वधूपक्षाच्या खोल्या, सगळीकडं सतरंज्या आणि माणसं. पाच-सहा किलोमीटरवरच्या एकाच गावातले दोनशे लोक तिथं होते. मी चौथ्या दिवशी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

आप्पासो हात जोडून म्हणाले, "सर, राग मानू नका. सकाळधरनं तिसरा कार्यक्रम ह्यो. एकजण बिस्किटं वाटून फोटो काढून गेला, एकजण भाषण ठोकून गेला. ह्यास्नी झोप पायजे आता."

"मी फोटो काढत नाही, आप्पासो," मी म्हणालो. "भाषणही करत नाही. चार दिवस नुसत्या पाण्याच्या गोष्टी ऐकतायत बिचारे. पाऊण तास कानावर दुसरं काही पडू द्या."

जिनेंद्रनं माझी बाही ओढली. "सर, र्‍हाऊ द्या की आज. पाणी उतरलं की येऊ."

"पाणी उतरल्यावर हे घरी जातील. मग घरचा चिखल काढतील का आपलं ऐकतील?"

माझ्या बोलण्यापुढं आप्पासो काय करणार. वरच्या हॉलचा एक कोपरा मोकळा केला. पस्तीस-चाळीस जण येऊन बसले, जास्त करून बायका आणि म्हातारी माणसं. आली ती हौसेनं आली असं मला त्या वेळी वाटलं. दुसऱ्याच्या अन्नावर असलेल्या माणसाला "बसा" म्हटलं की बसावं लागतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. पावणेपाच वाजले होते. साडेपाचला चहा यायचा होता, तोवर आटपायचं ठरलं.

जिनेंद्र तबला लावत होता म्हणून बुट्टी मीच फिरवली. फोन थोडेच होते, बरेचसे चार्जिंगअभावी आधीच मेलेले. पहिल्या रांगेत भिंतीला टेकून एक सत्तरीची बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि दोन्ही हातांत धरलेला बटणांचा फोन. तिचं नाव बनाबाई, हे मला नंतर कळलं.

"माझ्या पोराचा फोन याचा हाय, पावणं," ती म्हणाली. "आमचा सम्राट. त्यो घरीच हाय."

"येईल की, आजी. बैठक झाली की तुम्हीच लावा त्याला."

"त्यो म्हणालाय, मी करतो म्हणून."

"पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. पाऊण तासात जग बुडत नाही."

मागं कुणीतरी हसलं. ती ओशाळली. फोन पुढं केला आणि म्हणाली, "मला बंद कराय येत न्हाय." मग मी तो माझ्या हातात घेतला, लाल बटण दाबून धरलं, पडदा काळा झाल्याची खात्री केली आणि बुट्टीत टाकला. अंगठा माझा होता. बाकीचं काही मला नीट आठवत नाही असं होईल एखादेवेळी, पण ते बटण किती वेळ दाबावं लागलं ते मला आजही सांगता येईल.

पुरात मल्हार वाजवण्याइतका मी गाढव नाही. भीमपलास घेतला. सुरुवातीला लोक नुसते बसून होते. खालून भांड्यांचे आवाज, पोरांचं रडणं, बाहेर पाऊस. मी आलाप आणखी हळू केला. अशा ठिकाणी आवाज वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो, मग माणसं आपोआप जवळ सरकतात. तशी ती सरकली. एक म्हातारा डोळे मिटून मान हलवायला लागला. जिनेंद्रनं ठेका धरला तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बायकाही उठून आल्या.

साडेपाचला जिनेंद्रनं मला घड्याळ दाखवलं. थांबायला हवं होतं. पण माझं लक्ष बनाबाईंकडं गेलं. बैठकीच्या सुरुवातीला ज्या बाईचे डोळे सारखे दाराकडं, बुट्टीकडं जात होते, ती आता हनुवटीखाली हात घेऊन माझ्या बोटांकडं बघत होती. चेहरा सैल पडला होता. वाजवणाऱ्याला असा एक चेहरा मिळाला की बाकी सगळं मिळालं. मी जिनेंद्रला मानेनंच "चालू दे" म्हटलं आणि जात्यावरच्या ओवीची एक चाल घेतली, आमच्या भागात सगळ्या बायकांना येते ती. बनाबाई पुटपुटायला लागल्या, मग गुणगुणायला लागल्या, मग शेजारणीही. मी तीच चाल फिरवून फिरवून वाजवली. चहा आला तो तसाच थंड झाला. थांबलो तेव्हा पाच पन्नास झाले होते, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांत माझी एवढी चांगली बैठक झाली नव्हती.

बनाबाई पुढं येऊन माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं. म्हणाल्या, "लई बरं वाटलं बगा. चार दिसात पयल्यांदा." मग म्हणाल्या, "तेवढा फोन चालू करून द्या की."

मी चालू केला. तो थरथरला, थांबला, परत थरथरला, परत एकदा. फोन बंद असताना कुणी केला होता ते सांगणारे मेसेज होते ते. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचले. सम्राट, पाच वाजून आठ मिनिटं. सम्राट, पाच वीस. सम्राट, पाच तेहतीस.

"त्येनंच केलता न्हवं?" त्या म्हणाल्या. "लावा लावा."

मी लावला. बंद होता. परत लावला. बंद.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी बैठकीआधी एक वाक्य जास्त ऐकून घेतलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं. घरच्या दोन म्हशी नावेत बसत नाहीत म्हणून सम्राट मागं राहिला होता. म्हशी जिन्यानं स्लॅबवर चढवल्या होत्या. फोनला चार्जिंग नव्हतं, तो दिवसभर बंद ठेवायचा आणि गरज लागली की चालू करायचा. कंट्रोल रूमचा नंबर लागत नव्हता. म्हणून मायलेकात ठरलं होतं, पाणी शेवटच्या पायरीला लागलं की तो आईला फोन करणार, आई आप्पासोंना सांगणार, आणि आप्पासो नाव पाठवणार. म्हशींचं मग काय व्हायचं ते होवो.

मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. आप्पासोंनी नाववाल्या पोरांना लगेच फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकला. पलीकडून अमरसिंह नावाचा पोरगा बोलत होता. "आत्ताच नाव वर काढली, मामा. पावणेसहाला शेवटची फेरी केली. सहानंतर पाण्यात घालायची न्हाय म्हणून सांगितलंय वरनं. अंधारून आलंय, पाण्याला ओढ हाय लई. अर्धा तास आधी सांगायचं हुतं की."

तरी ती पोरं गेली. हुकूम मोडून गेली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली, उसात इंजिन अडकत होतं. सकाळी पुन्हा गेली. स्लॅबवर छातीएवढं पाणी होतं आणि वर कुणी नव्हतं. म्हशींची दावी कापलेली होती. त्या दोन्ही म्हशी दुपारी वीटभट्टीच्या उंचवट्यावर उभ्या सापडल्या, धडधाकट. सम्राट तिसऱ्या दिवशी सापडला, खालच्या अंगाला एका बाभळीला अडकलेला. एकतीस वर्षांचा होता.

त्यानंतर मी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. जिनेंद्र दोनदा येऊन गेला. एकदा म्हणाला, "सर, पुरानं नेलं त्येला, आपण न्हवं." दुसऱ्या वेळी काहीच न बोलता बसला आणि चहा पिऊन गेला. दुसरी वेळ मला जास्त आवडली.

चौदाव्या दिवशी मी गावाला गेलो. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. कशी मागायची ते ठरलं नव्हतं. केएमटीच्या बसमधून उतरल्यापासून चिखलाचा आणि कुजलेल्या उसाचा वास. घराघरापुढं गाद्या, पेट्या, भिजलेलं धान्य. बनाबाईंचं घर विचारावं लागलं नाही, पुढच्या अंगणात त्या दोन म्हशी बांधलेल्या होत्या.

आत बनाबाई खाटेवर बसल्या होत्या. सून मोना भिंत खरवडत होती. पंचमीला गडहिंग्लजला माहेरी गेली ती पुरामुळं तिथंच अडकली होती. तिकडं लाईट नव्हती, तिचा फोनही बंद. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मला बघून तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि परत कामाला लागली.

मी बसलो. पाणी प्यायलो. शेवटी बनाबाईंनीच तोंड उघडलं.

"एक इचारू का, सर?"

"विचारा."

"त्येचा पयला फोन आला, तवाच मी उचलला असता, तर नाव मिळाली असती का?"

पाच वाजून आठ मिनिटं. शेवटची फेरी पावणेसहाला. आप्पासोंचा नाववाल्या पोरांना फोन, एक मिनिट. हा हिशोब मी चौदा दिवस दिवसरात्र करत होतो. बाईच्या डोळ्यांत बघितलं आणि माझं धाडस गळालं.

"नाही," मी म्हणालो. "नाव आधीच बंद झाली होती, आजी. पाण्याला ओढ फार होती. फोन लागला असता तरी कुणी जाऊ शकलं नसतं."

त्यांनी मान हलवली. "आसं हाय व्हय," म्हणाल्या आणि खाटेच्या नवारीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, निदान एवढं तरी हिच्यासाठी करता आलं. मी उठलो, नमस्कार केला, बाहेर पडलो. माफी मागायची राहिलीच. ती मागितली असती तर आत्ताच बोललेलं खोटं ठरलं असतं.

थांब्यावर उभा होतो तेवढ्यात मोना मागून आली. हाताला चुना, पदर खोचलेला. पळत आल्यानं धाप लागली होती.

"सर, तुमी आत्तींना खोटं का सांगितलासा?"

मी बस येते का बघायला मान वळवली.

"त्यास्नी म्हाईत हाय समदं. अमरसिंह भावजी येऊन सांगून गेलेत, नाव पावणेसहापतोर चालू हुती म्हणून. रडत हुते ते. गावातली झाडून सगळी येत्यात आनि म्हणत्यात, काय उपयोग झाला नसता, देवाच्या मनात हुतं. आत्ती सगळ्यांचं ऐकून घेत्यात." तिनं हाताचा चुना पदराला पुसला. "त्या रोज म्हणायच्या, ते वाजवणारं सर येतील, त्यास्नी इचारते. त्या फोनापाशी ते आनि मी दोघंच हुतो. ते खरं सांगतील."

बस आली. दार उघडलं, कंडक्टरनं "चला चला" केलं, आणि बस गेली. मी मोनाच्या मागं परत घरात गेलो.

बनाबाई तशाच बसल्या होत्या. मी खाली, ओल्या फरशीवर बसलो.

"मिळाली असती," मी म्हणालो. "पहिला फोन उचलला असता तर नाव मिळाली असती. दुसरा उचलला असता तरी मिळाली असती. साडेपाचला थांबलो असतो तर तिसराही लागला असता, कदाचित तेव्हाही पोचली असती. फोन मी बंद केला. तुम्ही सांगत होता ते मी ऐकलं नाही. तुम्ही मला बोलावलं नव्हतं, कुणीच बोलावलं नव्हतं. मी आपल्या हौसेपायी आलो. हे माझ्याकडून झालंय, आजी. तुमच्याकडून नाही."

मोनाच्या खरवडण्याचा आवाज थांबला. मग बनाबाई हलक्या आवाजात बोलायला लागल्या, कुणाला तरी घरातली साधी गोष्ट सांगावी तशा.

"तुमी बटन दाबलासा ते खरं. पर तुमास्नी काय म्हाईत, कुणाचा पोरगा कुठं हाय. मला म्हाईत हुतं. सुरवातीला ध्यान हुतं माझं, बुट्टीकडं बगत हुतो मी. म्हटलं, आता उटावं, फोन मागून घ्यावा. मग तुमी ती जात्यावरची धरलासा." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "मला त्येची आठवनच ऱ्हायली न्हाय, सर. पोटचा पोरगा पाण्यात उभा आनि मी गाणं म्हणत हुतो. लई बरं वाटत हुतं मला. माझ्या उभ्या जल्मात मला तेवढं बरं वाटलं नव्हतं."

"तेही माझ्यामुळंच. मी वाढवलं. तुमच्याकडं बघूनच वाढवलं. माझ्या माथी मारा ते, आजी. मला चालेल."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, माया तर नव्हतीच.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ते मी कुणाला देत न्हाय. घर नासलं, पोरगा गेला. ही पोर आज न्हाय उद्या माहेरला जाईल, तरणी हाय, गेलीच पायजे. माझ्या चुकीनं माझा पोरगा गेला, एवढंच माझ्यापाशी ऱ्हायलंय त्येचं. तेबी तुमी घिऊन गेलासा तर मी काय धरून बसू?"

मोना भिंतीकडं तोंड करून उभी होती. बाहेर एक म्हैस हंबरली, तशी बनाबाई खाटेवरून हळूहळू उतरल्या, कोपऱ्यातली बादली उचलली आणि मला ओलांडून तिला पाणी पाजायला गेल्या.